सोने आणि जस्ताचा मुलामा
पॉलिथिनच्या पिशवीवर ठसे उठवण्याची पावडर नीट धरत नाही म्हणून बोटाचा ठसा मिळणारच नाही, हे मत मला पटत नाही. निर्वात कक्षात प्रथम सोन्याची वाफ सोडली की तिचा अतिशय पातळ थर पिशवीभर बसतो, मात्र बोटाच्या रेषांनी सोडलेल्या स्निग्धांशात तो बुडून जातो. त्यानंतर सोडलेली जस्ताची वाफ केवळ उघड्या राहिलेल्या सोन्यावर साचत असल्याने पार्श्वभूमी राखाडी होते आणि ठसा निगेटिव्हसारखा उलटा दिसतो. (सोने नाममात्रच लागते, महाग पडते ते यंत्र.) डंडीच्या अबर्टे विद्यापीठाने स्कॉटलंडच्या पोलिसांसह हेच तंत्र कापडावरही तपासले आहे. तलम विणीवर रेषा उमटू शकतात. जाड सुतावर पुष्कळदा हाताचा आकारच दिसतो, पण डीएनएचा नमुना कोठून घ्यावा हे त्यावरूनही ठरवता येते.