रि: रि: डिसेंबरचा कार्यक्रम: चौंडकं कुणी काढलं?

खानापूरकर:
मंडळी, उद्या रंगमंदिराला तारीख कळवायचीय. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा गायक-गिटारवादक अली फरका तूरे, त्याच्यावर माझा पाऊण तास, त्याआधी सौंदत्तीच्या मावशींचं चौंडकं, म्हणजे यल्लम्माच्या गाण्यांतलं एकतारी वाद्य, असं ठरलेलं. नव्या पत्रिकेत चौंडकं गायब! तूरेनं सुरुवात केली ती एकतारी जुरकेलवर, गिटार १९५६ नंतर. पुढं मालीच्या राजधानीत, बामाकोत, जॉन ली हूकरची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज गाणाऱ्याची, रेकॉर्ड ऐकली, तर त्याला ते आपल्याच मुलखातलं वाटलं. हे तोंडानं सांगून पटत नाही, शेजारी एका तारेचं वाद्य वाजायला पाहिजे.

टिळकवाडीचे काका:
मी काढलं. मावशींची निम्मी गाणी कन्नड. मंडळाच्या नावात मराठी आहे. तुम्ही जानेवारीत विमानात बसणार, इथं फोन मला येतात. आणि हा तूरे गडी ब्लूजवाला की लोकगायक, तेही एकदा ठरवा.

शहापूरच्या वहिनी:
काका, तो सोंघाय, फुलानी, तमाशेक अशा कितीतरी भाषांत गायचा. आणि आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व? घरची भाषा कन्नड, गायले मराठी नाट्यपदं नि माळव्याची लोकगीतं. आमच्या सासूबाई यल्लम्माची गाणी दोन्ही भाषांत म्हणायच्या, मध्येच एका ओळीत भाषा बदलायची. त्यांना कुणी अडवलं नाही. बरं, चहाचं कोण बघतंय?

निपाणीहून:
चहा माझ्याकडं. फक्त करदंट कुणी आणू नका, गेल्या वर्षीचा अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे.
खानापूरकर, अमेरिकी गिटारवादक राय कूडरबरोबरच्या ग्रॅमीवाल्या अल्बमवरच वेळ घालवू नका, तो सगळ्यांनी ऐकलाय. १९९९चा लावा. तूरेच्या नियाफुंके गावात, पडीक इमारतीत यंत्रं नेऊन, शेतीची कामं सांभाळून रेकॉर्ड केलेला. २००४ मध्ये तिथला महापौर झाला आणि पदरच्या पैशानं रस्ते, गटारं केली. आपले नगरसेवक पहिल्या रांगेत बसवा!

खानापूरकर:
लावतो. पण हूकर आधी, मग तूरे. दोन्ही लागोपाठ ऐकल्याशिवाय कोण कुणाकडून शिकलं हा वाद रंगत नाही. आणि काका, ब्लूजवाला की लोकगायक, याचं उत्तर तिथंच मिळेल.

टिळकवाडीचे काका:
नगरसेवक नकोत. तुमची तारीख मार्गशीर्ष पुनवेची आहे, कॅलेंडर बघितलंय का कुणी? मावशी त्या जत्रेच्या दिवशी यल्लम्माचा डोंगर सोडून येतील होय?

शहापूरच्या वहिनी:
म्हणजे चौंडकं ठेवायला तुमची हरकत नाही!

टिळकवाडीचे काका:
पुढचा शनिवार घ्या. पहिली दोन पदं मराठी, मग काय गायचं ते त्यांचं त्या बघतील. माइकवाल्याला चौंडक्याचा आवाज आधी ऐकवा, नाहीतर नुसती घूं-घूं येते.