'होस्ट' (२०२०) : झूमवरचं प्लँचेट – नेमकं काय जमलं, काय फसलं?

रॉब सॅव्हेजचा 'होस्ट' हा ब्रिटिश भयपट ३० जुलै २०२० ला शडर या भयपटांच्या स्ट्रीमिंग सेवेवर आला. लांबी तासाभराहून थोडी कमी. लॉकडाउनमध्ये कॅरोलाइन, एमा, जेमा, टेडी वगैरे सहा मित्रमैत्रिणी झूमवर जमतात, आत्म्यांशी बोलणाऱ्या एका माध्यम बाईला बोलावतात आणि प्लँचेट करायला बसतात. कल्पनेपासून तयार सिनेमापर्यंत साधारण १२ आठवडे लागले. चित्रीकरणात दिग्दर्शक कलाकारांच्या घरी गेलाच नाही. कॅमेरे, दिवे, बऱ्याच करामतीसुद्धा कलाकारांनीच आपापल्या घरी लावल्या. पाहिला असेल तर खाली प्रतिक्रिया द्या; नुसतं 'भारी आहे' नको, तपशिलात लिहा. पुढे कथानक उघड होणार, तेव्हा आधी पाहून या.

*

लॅपटॉपवरच बघा. मोबाईलवर सहा खिडक्या म्हणजे एकेक खिडकी टपाल तिकिटाएवढी. पात्रामागचं दार किती उघडं आहे हे कळतच नाही, आणि निम्मी भीती त्या दारांत आहे. हेडफोन हवेतच, कारण लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून खालच्या पट्टीची घरघर जवळजवळ ऐकूच येत नाही. पाठीमागचा दिवा बंद करा, नाहीतर काळ्या कोपऱ्यांत स्वतःचंच प्रतिबिंब दिसत राहतं. सबटायटल्स खालच्या रांगेतल्या खिडक्यांवर येतात, म्हणून उच्चार जड जात असतील तर एकदा लावून आणि एकदा काढून बघा. दुसऱ्या वेळी बोलणाऱ्याकडे नाही, गप्प बसलेल्याकडे लक्ष ठेवा.

*

माझ्या मते सगळ्यात हुशार जागा कॅरोलाइनची. तिने स्वतःचीच खोलीत येतानाची फीत कॉलची पार्श्वभूमी म्हणून लावलेली असते. आधी ती गंमत वाटते. पुढे सगळे घाबरलेले असताना तीच फीत फिरत राहते, कॅरोलाइन पुन्हा दारातून आत येते, आणि क्षणभर वाटतं की चला, ही तरी ठीक आहे. तेवढ्यात त्या चित्रातून खरा, रक्ताळलेला चेहरा पुढे आदळतो.

हे पटतं त्याला कारण आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये माणसाची कड शोधतं आणि बाकी सगळं झाकतं. उजेड कमी झाला किंवा हालचाल जोरात झाली की कड चुकते. केस, कान, बोटं मागच्या चित्रात विरतात. २०२० मध्ये ही चूक लोक रोज बघत होते. दिग्दर्शकाने तिच्यात फक्त मृत्यू लपवला.

*

वरच्या मुद्द्याला जोडून एमाचा प्रसंग. चेहऱ्यावर मुखवटा चढवणारा फिल्टर रिकाम्या हवेत जाऊन चिकटतो. असे फिल्टर चेहरा 'ओळखत' नाहीत, डोळे-नाक-तोंड यांची मांडणी शोधतात. भिंतीवरच्या डागाला किंवा खुर्चीच्या पाठीलाही फसतात. त्यामुळे पहिल्या क्षणाला तो बिघाडच वाटतो. मग मुखवटा हलतो.

नंतर ती जमिनीवर पीठ उधळते आणि त्यावर पावलं उमटतात. आपल्याकडे माणूस गेल्यावर दिव्याजवळ पीठ पसरून सकाळी ठसे बघायची रीत अनेक घरांत आहे. इंग्लंडमधल्या लेखकांना ती माहीत असण्याचं कारण नाही, पण मराठी प्रेक्षकाला तो प्रसंग जास्त लागतो तो यामुळेच. प्लँचेटचंही तसंच. वाटीवर सगळ्यांची बोटं असतात, तेव्हा निदान कोण ढकलतंय असा संशय तरी घेता येतो. इथे प्रत्येक जण आपापल्या घरात, एकटा, मेणबत्ती लावून बसलेला.

*

आवाजात मात्र सिनेमाने सूट घेतली आहे, हे सांगायला हवं. खऱ्या कॉलमध्ये गोंगाट कमी करणारी यंत्रणा करकर, पंख्याची घरघर, दूरची पावलं हे सगळं दाबून टाकते. दोघं एकदम ओरडले की प्रतिध्वनी रोखण्याच्या नादात एकाचा आवाज तुटतो. इथे वरच्या मजल्यावरची धडधडसुद्धा स्वच्छ ऐकू येते. ही सूट मला मान्य आहे. खरा आवाज ठेवला असता तर अर्धा सिनेमा मुका झाला असता.

*

मला उत्तरार्ध तितका पटला नाही. जेमाने 'जॅक' नावाच्या मुलाची खोटी गोष्ट रचली आणि त्या रिकाम्या नावाचा मुखवटा भलत्याच शक्तीने घातला, ही कल्पना फार चांगली. पण एकदा माणसं उचलून फेकली जायला लागली की ती शक्ती काहीही करू शकते, आणि काहीही करू शकणाऱ्याची भीती कमीच वाटते. टेडीचं जळणं याच कारणाने जोर धरत नाही. शेवट मात्र सावरतो. फुकट खात्याच्या ४० मिनिटांच्या मर्यादेचं घड्याळ, अंधार, आणि झटपट फोटोच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश. फ्लॅश पुन्हा तयार व्हायला लागतो तेवढा वेळ अंधारात थांबणं भाग असतं, तोच ताण तिथे वापरला आहे. श्रेयनामावली कॉलमधल्या सहभागींच्या यादीसारखी येते, तीही बघा.

*

असा लघुपट करायचा असेल तर कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नका, नेट मंदावलं की चित्र फुटतं. प्रत्येकाने आपल्या फोनवर वेगळं चित्रण करायचं, कॉल फक्त संवादासाठी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं तर बऱ्याच ट्यूबलाइट-एलईडी लुकलुकतात. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद करा, नाहीतर मेणबत्ती हलली की पडदा उजळतो-मावळतो. सुरुवातीला सगळ्यांनी एकदम टाळी वाजवा, वेगवेगळ्या चित्रणांची जुळवणी तिच्यावर होते. तरी दहा मिनिटांनी आवाज सरकला तर दोष बहुतेक फोनच्या बदलत्या फ्रेमदराचा असतो. संकलनाआधी फाइल स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घ्या.

दार ओढायला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वापरा, ०.२५ मिलिमीटरच्या आसपास. समोरून उजेड पडला की ती चमकते, म्हणून काळ्या मार्करने रंगवायची आणि दिवा बाजूला ठेवायचा. दार एकदम ओढलं तर माणसाने ओढल्यासारखं दिसतं. बिजागरीला तेल घाला आणि दोन-तीन सेकंदांत फक्त चार बोटं उघडा.