मदत हवी आहे: आयझिंग मॉडेलमध्ये पट्टे अडकतात

नमस्कार मंडळी. मी रावेरचा, बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी द्विमितीय आयझिंग मॉडेल (चौकोनी जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली तोंड असलेला छोटा चुंबक, म्हणजे स्पिन; शेजारचे स्पिन एकाच दिशेला राहायला बघतात) पायथनमध्ये मेट्रोपोलिस पद्धतीनं, म्हणजे एकेक स्पिन उलटवून बघत, केलंय. भौतिकशास्त्रज्ञ ऑनसागरनं 1944 मध्ये काढलेलं क्रांतिक तापमान (ज्याच्या खाली चुंबकत्व आपोआप येतं) मॉडेलच्या एककांत 2.269, त्याच्या आसपास उत्तर छान येतंय.

अडचण त्याहून कमी तापमानाला आहे. तापमान 1.0 ला 32×32 ची जाळी विस्कळीत स्पिनपासून सुरू केली की कधीकधी पडद्यावर अर्धी काळी (वरचे स्पिन), अर्धी पांढरी (खालचे) होऊन सरळ पट्ट्यांत अडकते. चुंबकन (सगळ्या स्पिनची सरासरी) शून्याजवळच. काल रात्री बागेला पाणी देऊन आलो, प्रोग्रॅमच्या वीस हजार फेऱ्या झाल्या होत्या, तरी पट्टे तसेच!

सगळे स्पिन एकाच दिशेला ठेवून सुरुवात करू, की वरून हळूहळू थंड करत आणू? की एकेक ऐवजी स्पिनचा अख्खा गट एकदम उलटवणारा वुल्फचा अल्गोरिदमच घ्यावा? पट्टे अहवालातून लपवायचे नाहीत, ते का पडतात हे नीट समजून लिहायचंय. कुणी केलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे.