ऑपरेशननंतर स्लीव्ह सुटते का?
लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) केलं की लिम्फेडिमाची, म्हणजे लसिका (लिम्फ, शरीरातला एक पातळ द्रव) तुंबून आलेली सूज जाते आणि स्लीव्हही (हात घट्ट दाबून धरणारी बाही) सुटते, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. पहिलं बरंचसं खरं, दुसरं अजिबात नाही. जुन्या सुजेत चरबी साठते, ती लायपोसक्शनने निघते. लसिकेची तुंबलेली वाट त्याने मोकळी होत नाही. स्वीडनमध्ये माल्मोच्या डॉ. ब्रोर्सन यांच्या रुग्णांचे हात वर्षानुवर्षं बारीक राहिले, ते दिवसरात्र स्लीव्ह घातल्यामुळे. वर्षभराने ज्यांची काढून पाहिली, त्यांचे हात लगेच सुजू लागले. नेरूळच्या जूनमधल्या घामट हवेत ती चोवीस तास घालायची आहे (धुण्यासाठी दुसरी लागतेच), हा विचार आधीच करा.

आणि इथे सगळे फक्त हात किती बारीक झाला, हे टेपचं माप सांगताहेत. माझ्या मावशीचा हात स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्यावर सुजला. तिची एलव्हीए झाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली लसिकावाहिन्या बारीक शिरांना जोडल्या. माप थोडंच उतरलं, पण इन्फेक्शनने हात लालबुंद होऊन थंडीताप भरायचा, ते फार कमी झालं. आमच्यासाठी तोच मोठा फायदा. सर्जनना इन्फेक्शनबद्दलही नक्की विचारा, आणि सूज मऊ आहे तोवरच जा. एलव्हीए तेव्हा जास्त लागू पडते.