पक फेअर: बोकडापलीकडची जत्रा

काही जण म्हणतात की आयर्लंडमधल्या किलॉर्गलिन गावची पक फेअर ही जत्रा म्हणजे निव्वळ पर्यटकांसाठीचा देखावा आहे. हे मला अजिबात पटत नाही. केरी परगण्यातल्या या गावाला ऑगस्टमधल्या जत्रेची सनद इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६१३ मध्ये दिली, आणि जत्रा त्याहूनही जुनी असावी असं मानतात. डोंगरातून रानबोकड धरून आणायचा, शाळकरी मुलीच्या हस्ते त्याला मुकुट घालायचा नि उंच मचाणावर बसवायचा, एवढंच फोटोत दिसतं. (इंग्रज सेनानी क्रॉमवेलचं सैन्य येतंय हे बोकडामुळे कळलं, ही दंतकथा. पण गाव ती जिवापाड जपतं.)

खरी जत्रा १० ऑगस्टला सकाळी, घोड्यांच्या बाजारात. घेणारा घोड्याचे दात बघतो, पाय उचलून खूर तपासतो, किंमत ऐकून चालता होतो. मग मध्यस्थ दोघांचे हात ओढून एकमेकांवर आपटायला लावतो. सौदा ठरला की विकणारा थोडे पैसे शकुनाचे म्हणून परत देतो. हे कोणा पर्यटकासाठी चालत नाही.

मचाणावर बोकडाचे हाल होतात, हा काहींचा आक्षेप मात्र रास्त आहे. २०२२ मध्ये कडक उन्हामुळे त्याला खाली उतरवावं लागलं होतं.