टायमिंग चेन बदलल्यावर कॅमची रेषा अर्ध्या दाताने चुकते. टायमिंग कसे तपासावे?

सातपूरकर
माझ्याकडे १०० सीसीची, एका सिलिंडरची आणि दोन व्हॉल्व्हची जुनी मोटारसायकल आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाल्यामुळे हेड उतरवावे लागले, तेव्हाच टायमिंग चेन (पिस्टनने फिरणारी क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारी) आणि ती ताणून धरणारा टेन्शनर नवे टाकले. मॅग्नेटच्या (क्रँकवरील चुंबकी चाकाच्या) खिडकीतील खूण जुळवल्यावर कॅम स्प्रॉकेटवरील रेषा हेडच्या कडेला समांतर यायला हवी; पण ती अर्ध्या दाताने मागे राहत होती. म्हणून स्प्रॉकेट चेनमध्ये एक दात पुढे घेतले, तर आता ती अर्ध्या दाताने पुढे जाते. गाडी सुरू होते, किकला दाब चांगला लागतो, सातपूर-अंबडच्या रहदारीत काही तक्रार नाही. परंतु इगतपुरीच्या दिशेने महामार्गावर पन्नासच्या पुढे ती ओढत नाही आणि इंजिन लवकर तापते. या दोन्हींपैकी कोणती जोडणी बरोबर समजावी?

अंबडचा फिटर
चेन चुकली तर ती पूर्ण दाताने चुकते, अर्ध्या दाताने चुकूच शकत नाही. त्यामुळे अर्ध्या दाताचा फरक दिसला की आधी स्प्रॉकेटला हात न लावता, क्रँक खरोखर टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेवर) आहे का हे पाहावे.

जरा हिशेब करू. कॅम स्प्रॉकेटला ३४ दात धरले (आपले मोजून घ्यावेत), तर एक दात म्हणजे कॅमचे सुमारे १०.६ अंश. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होत असल्यामुळे क्रँकवर तोच फरक २१ अंशांचा होतो आणि अर्धा दात म्हणजे क्रँकचे साधारण साडेदहा अंश. मॅग्नेटवर मात्र ‘टी’ आणि ‘एफ’ अशा दोन खुणा असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन सर्वांत वर, तर ‘एफ’ म्हणजे ठिणगी पडण्याची जागा, जी अनेक छोट्या इंजिनांत टीडीसीच्या दहा-पंधरा अंश आधी असते. क्रँक ‘एफ’वर थांबवली, तर बिनचूक बसवलेला कॅमदेखील जवळपास अर्ध्या दाताने मागेच दिसेल. माझा अंदाज असा की आपली पहिली जोडणी बरोबर होती आणि आता कॅम एक दात आगाऊ आहे. कमी वेगात दम आणि पुढे जीव जाणे, हे लक्षणही त्याच्याशी जुळते, कारण इनलेट व्हॉल्व्ह लवकर बंद झाल्याने किकला दाब भरपूर मिळतो, पण जास्त फेऱ्यांवर सिलिंडर पुरता भरत नाही.

पंचवटी गॅरेज
वरील उत्तराशी सहमत आहे. परंतु पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर आहे की एक्झॉस्टच्या, हेही पाहायला हवे ना? नाहीतर कॅम १८० अंशांनी उलटा बसेल.

अंबडचा फिटर
टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करताना ते पाहावेच लागते, कारण तेव्हा दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल हवेत. टायमिंग बसवताना मात्र नाही. चेन काढलेली असताना क्रँकला कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट असा भेद नसतो. तो कॅम ठरवतो. या वर्गातील बहुतेक गाड्यांत इग्निशनचा पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारा सेन्सर) क्रँकवर असतो आणि ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, त्यामुळे ‘टी’ची कोणतीही फेरी चालते. ठिणगीची वेळ कॅमवरून घेणाऱ्या इंजिनांत मात्र आपली शंका रास्त ठरेल.

लेथवाला
दोन गोष्टी जोडतो. पहिली, क्रँक उलटी फिरवून खूण जुळवू नये. तसे केल्यास चेनची ढील टेन्शनरच्या बाजूला न राहता ओढाच्या बाजूला येते आणि रेषा उगाच हललेली दिसते. प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे फिरवले की इंजिन आपोआप योग्य दिशेने फिरते. खूण ओलांडली गेली, तर मागे न येता पुन्हा पूर्ण चक्कर घ्यावी.

दुसरी, प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून टीडीसी ‘चाचपण्या’वर विसंबू नये. ५० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीच्या १० अंश आधी पिस्टन जेमतेम अर्धा मिमी खाली असतो. हाताला ते कळणार नाही. मॅग्नेटची चावी (त्याला क्रँकवर जागेवर धरणारा लहान तुकडा) कातरल्याची शंका असेल, तर ‘टी’वरही भरवसा नको. तेव्हा जुन्या प्लगचे चिनीमातीचे अंग काढून त्यात बोल्ट बसवावा, तो टेकेपर्यंत क्रँक अगदी हळू दोन्ही दिशांनी फिरवावी आणि दोन्ही वेळच्या जागा मॅग्नेटवर आखाव्यात. त्यांचा मध्य हाच खरा टीडीसी. क्रँक उलटी फिरवायची ती एवढ्याच कामापुरती.

सातपूरकर
बॅटरी मारून पाहिले. खिडकीतून खरोखर दोन रेषा जातात आणि मी धरलेल्या रेषेजवळचे अक्षर झिजलेले आहे. चाक आणखी थोडे पुढे फिरवल्यावर दुसऱ्या रेषेशी ‘टी’ स्पष्ट दिसतो आणि तेथे कॅमची रेषा पूर्ण एक दात पुढे असते. आता हेड पुन्हा उतरवावे लागेल का?

अंबडचा फिटर
हेडला हात लावायची गरज नाही. क्रँक ‘टी’वर ठेवून टेन्शनर सैल करावा, कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट काढावेत आणि स्प्रॉकेट चेनमध्ये एक दात मागे घ्यावे. त्याआधी चेन तारेने बांधावी आणि खालच्या पोकळीत फडके कोंबावे, कारण तेथे पडलेला बोल्ट काढायला इंजिन खोलावे लागते. टेन्शनर बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून रेषा पुन्हा पाहावी. मध्ये कोठे कडक अडथळा लागला, तर जोर न लावता थांबावे. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असण्याची शक्यता असते. एखाद-दोन अंशांचा फरक उरला तर तो सोडून द्यावा, हेड घासून घेतले असल्यास तेवढा कॅम मागे पडतोच.

टॅपेटही आपण त्याच ‘एफ’वर सेट केले असतील, तर थंड इंजिनावर, ‘टी’वर, दोन्ही रॉकर सैल असताना फट मोजणाऱ्या फिलर गेजने ते पुन्हा तपासावेत आणि त्यानंतरच किक मारावी.