घरच्या फोटोंवर लाल रेघा मारणं थांबवा आता

खडूस_फ्रेम:
‘डिझाईन शिकायला क्लास कशाला, मोबाईलची गॅलरी उघडा’ ही मोकळी_जागा यांची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. चार घरगुती फोटो, त्यावर लाल रेघा, गोल, त्रिकोण आणि खाली ‘बघा, नकळत किती सुंदर कॉम्पोझिशन साधलंय’. कसलं नकळत. थर्ड्सच्या, म्हणजे फोटोचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करणाऱ्या, चार रेघा, त्यांचे चार छेदबिंदू, दोन कर्ण, वर ती गोल्डन रेशोच्या (1.618 ला 1 या प्रमाणाच्या) वेटोळ्याची गोगलगाय, एवढं जाळं टाकल्यावर कुठला चेहरा कशावरच पडत नाही तो दाखवा मला. थर्ड्सची रेघ 33.3 टक्क्यांवर, गोल्डनची 38.2 वर, म्हणजे 4000 पिक्सेल रुंद फोटोत जेमतेम 195 पिक्सेलचा फरक, आणि तुमची लाल रेघच तेवढी जाड होती. जे जुळेल त्याचं नाव द्यायचं. निकाल लागल्यावर भविष्य सांगायला काय जातंय.

माझ्या भाच्यानं लहान असताना काढलेला एक फोटो आहे, आम्ही सगळे वाकून खाली बघतोय आणि माझी हनुवटी अर्धा फोटो खाऊन बसलीये. यावर तुम्ही लिहिणार, ‘लो अँगलमुळे व्यक्तिमत्त्व भव्य वाटतं’. अहो, पोराची उंची तेवढी होती!

मोकळी_जागा:
गोगलगाय मी टाकलेली नाही, ती खाली कुणीतरी चिकटवली होती, तेवढं आधी सुधारा. आणि फोटो काढणाऱ्याची अक्कल मी मोजतच नव्हते. तत्त्वं बघणाऱ्याच्या डोळ्यात असतात. मानसशास्त्रज्ञ रुबिनचं फुलदाणी की दोन चेहरे ते चित्र 1915 चं, दुसरा मानसशास्त्रज्ञ वेर्टहायमर, त्याचा जवळच्या आणि सारख्या गोष्टी आपण गट करून बघतो हे सांगणारा लेख 1923 चा, दोघांनाही फोटोग्राफीचे धडे द्यायचे नव्हते. साधं उदाहरण घ्या. माणसाच्या डोक्यातून खांब उगवलेला फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहे. समोर उभं असताना तो खांब खटकत नाही कारण दोन डोळ्यांना तो मागे आहे हे कळतं, फोटो सपाट, तिथे डोकं आणि खांब एकच आकार होऊन बसतात. हे फिगर-ग्राउंड, म्हणजे आकृती कुठली आणि मागची बाजू कुठली, मला क्लासमध्ये चार्टवरून शिकवलं तेव्हा काडीचं कळलं नव्हतं, बहिणीच्या डोक्यावर खांब बघितला तेव्हा कळलं. आणि तुमची हनुवटी भव्य दिसते की नाही? मग झालं. पोरानं ठरवलं होतं की नाही याच्याशी बघणाऱ्याला काय देणंघेणं.

खडूस_फ्रेम:
खांबाचं पटतं. पण तो बिघडलेला फोटो आहे, तुमच्या पोस्टमध्ये असला एकही नव्हता, सगळे गोडगोड. तिसऱ्या फोटोत कडेच्या माणसाचा चेहरा ताणलेला दिसतो त्याला तुम्ही ‘कडेचा ताण, डायनॅमिक बॅलन्स’ म्हणालात. मोबाईलची मुख्य लेन्स साधारण फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या 24 ते 28 एमएमच्या वाइड लेन्सच्या तोडीची, कोपऱ्यात जो उभा राहील त्याचं तोंड ओढलं जाणारच. बिचारा उशिरा आला म्हणून कडेला उभा राहिला, त्याचा तुम्ही बॅलन्स केलात.

जुनी_निगेटिव्ह:
थर्ड्सचा नियम ज्या चित्रकार जॉन थॉमस स्मिथनी 1797 मध्ये मांडला ते रंगवलेल्या निसर्गचित्रांबद्दल बोलत होते, तेव्हा फोटो नावाची गोष्टच नव्हती, हे जाता जाता.

माझा खरा राग या असल्या पोस्टींनी जे लोक तयार होतात त्यांच्यावर आहे. आमच्या एका मावसबहिणीनं मोठ्या हौसेनं घरचा सगळा अल्बम स्कॅन केला, आणि स्कॅन करतानाच ‘क्लटर’ म्हणून कडा कापून (क्रॉप करून) टाकल्या. सब्जेक्ट मोठा, बॅकग्राउंड साफ. मूळ प्रिंट्स रद्दीत. एका ग्रुप फोटोत मागे दाराशी आजी उभी होती, चाळिशीतली, अर्धवट, कुणाला तरी हाक मारत असल्यासारखी. तिचा त्या वयातला तेवढाच फोटो. गेली. का, तर दारामुळे नजर भरकटत होती. अहो घरच्या फोटोत जे भरकटवतं तेच तर वीस वर्षांनी बघायचं असतं, मधे उभे असलेले काका पुढच्या पाच फोटोंत आहेतच.

कात्री_चालव:
झालं, क्रॉपिंगवाले आले रडत. मूळ प्रिंट फेकणं हा मूर्खपणा आहे, क्रॉपचा त्यात दोष काय? घरचे नव्वद टक्के फोटो क्रॉप केल्याशिवाय बघवत नाहीत, खाली दोन फूट जमीन, वर आभाळ आणि मधे मुंगीएवढी माणसं. क्रॉप म्हणजे पाप म्हणणारे फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात ना, त्यांचा 1932 चा तो डबक्यावरून उडी मारणारा माणूस, तो क्रॉप केलेलाच आहे. डावीकडे फळी आली होती.

जुनी_निगेटिव्ह:
फळी होती हे तुम्हाला कशामुळे कळलं? निगेटिव्ह शिल्लक राहिली म्हणून. धन्यवाद, माझंच म्हणणं मांडलंत.

कात्री_चालव:
टोमणे मारायला तुम्हाला छान जमतं. माझ्या वडिलांचा एकमेव बरा फोटो मी एका गर्दीच्या फोटोतून कापून काढलाय, भिंतीवर तो लागलाय, तुमचं दार नाही.

खडूस_फ्रेम:
दोघंही पोर्ट्रेट मोड विसरताय, तो तर काढतानाच कापतो. मागचं सगळं सॉफ्टवेअरनं पुसलेलं, केसांच्या बटा आणि चष्म्याची काडी पण धुरकट, आणि लोक त्याला ‘डेप्थ’ म्हणतात. त्यातून आजी शोधून दाखवा कुणीतरी.

बरं, मोकळी_जागा, मुद्द्यावर या. एक चांगला फोटो दाखवून काही सिद्ध होत नाही. त्याच मिनिटाला काढलेला, नापसंत झालेला फोटो शेजारी ठेवा. तत्त्वामुळे फरक पडतो का ते दोन शेजारी ठेवल्यावरच दिसेल.

मोकळी_जागा:
ठेवते. आई आणि मावशी. एकात दोघी खिडकीपुढे, मागून उजेड, चेहरे काळे. दुसऱ्यात भिंतीपाशी सरकल्यात, उजेड तोंडावर, कॉन्ट्रास्ट मस्त, मधली मोकळी जागा पण छान. अल्बममध्ये लागलाय खिडकीतला. आईला विचारलं का, तर म्हणे भिंतीपाशच्यात माझे डोळे मिटलेत.

खडूस_फ्रेम:
हाहाहा. डिझाईन गेलं उडत, मावशींना न विचारता आईंनी निकाल दिला.

मोकळी_जागा:
हसा. निवड डिझाईननं केली नाही, घ्या, मान्य, फ्रेम करून लावा हवं तर. पण डोळे मिटलेले दिसले का? चेहऱ्यावर उजेड होता म्हणून. खिडकीतल्या फोटोत आई झोपलेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता.

खडूस_फ्रेम:
हम्म. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी गप्प बसलो असतो. बहुतेक.

कात्री_चालव:
जुनी_निगेटिव्ह, भांडण बाजूला ठेवून सांगतो, प्रिंट्स परत स्कॅन करा ना, 600 डीपीआयला, कडांसकट. हल्ली मोबाईलवरही बरं होतं.

जुनी_निगेटिव्ह:
प्रिंट्स रद्दीत गेले असं वर लिहिलंय. आधी वाचत जा हो.